छायाचित्रांचे दप्तर

धर्मग्रामाचा इतिहास लिहू जाता साधनांची उणीव भासते, अशी तक्रार पूर्वी होत असे. आज छायाचित्रांची उणीव नाही; उणीव आहे ती व्यवस्थेची. विवाह, सण व मिरवणुका यांची चित्रे घरोघरच्या मोबाइलमध्ये पडून आहेत. एकच चित्र दहा ठिकाणी सापडते, परंतु त्यातील माणसे कोण, हे कोठेच लिहिलेले नसते.

आमचे केळझर ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील सेवाग्रामचे उदाहरण घ्या. गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव कनू गांधी यांनी १९३८ ते १९४८ या काळात त्यांची चित्रे घेतली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून कॅमेरा आला. गांधीजींच्या अटी तीन होत्या : कृत्रिम प्रकाश नको, चित्रासाठी कोणास थांबविणे नको, आश्रमाचा पैसा नको. त्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात एका फिल्मवर बाराच चित्रे निघत. त्यामुळे निवड आपोआप घडे. आता ती आपणांस करावी लागते.

ती कशी करावी, हे ख्रिस्तसभेने केव्हाच शिकविले आहे. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहाची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव, दिनांक, स्थळ, आईबाप व धर्ममातापिता यांची नोंद असते. छायाचित्राचीही हीच रीत असावी : कोण, कधी, कोठे, कोणी घेतले. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना व दिवस लिहावा, म्हणजे चित्रे कालक्रमाने आपोआप लागतात. व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून पाठविले असता त्याचा आकार घटतो व आतील दिनांकाची नोंद गळते. म्हणून मूळ फाइलच मागून घ्यावी. एकसारख्या चित्रांतील उत्तम तेवढे ठेवावे. मूळ प्रतीत फेरफार करू नये.

१९१७ च्या धर्मविधानाने नोंदवह्यांची एक प्रत दरवर्षी महागुरूंच्या दप्तरखान्यात पाठविण्यास सांगितले होते. त्यातील दूरदृष्टी अजिंठ्याच्या कथेवरून कळते. मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यात अनेक वर्षे घालविली; त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. सर्व ठेवा एकाच छपराखाली होता! म्हणून आपल्या संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात, व त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी.

एक काम मात्र कोणत्याही यंत्राच्याने व्हावयाचे नाही. जुन्या चित्रांतील चेहरे ओळखणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. प्रिय धर्मग्रामस्थहो, येत्या रविवारपासून आपल्या घरचे अल्बम घेऊन आजीआजोबांजवळ बसा, नावे विचारा, आणि पेन्सिलीने हलक्या हाताने मागे लिहा. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो, ती त्यांची नावे घेऊन. ती नावेच हरविली तर पुढील पिढीने कोणाचे स्मरण करावे?