पितळेत ओतलेल्या म्हणी

पश्चिम आफ्रिकेतील घानाचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला आयव्हरी कोस्टचा प्रदेश ही अकान लोकांची भूमी. असांते, फांते, बाउले हे त्यांतील प्रमुख समाज. या भूमीत सोने विपुल असल्याने सोन्याची भुकटी हेच चलन झाले आणि ती तोलण्यासाठी साधारण १४०० ते १९०० या काळात पितळेची असंख्य लहान वजने घडवली गेली.

सुरुवातीच्या वजनांवर भौमितिक नक्षी असे. त्यांची मापे सहारा ओलांडून येणाऱ्या मुस्लिम व्यापाऱ्यांच्या आणि १४७१ नंतर पोर्तुगीजांच्या वजनांशी जुळती होती. पुढे माणसे, प्राणी आणि पक्षी यांच्या आकृती आल्या. कारागीर मेणाची आकृती करून तिच्यावर मातीचे लेप देई. साचा तापवला की मेण वितळून जाई व त्या पोकळीत पितळेचा रस ओतला जाई. साचा फोडूनच वजन बाहेर काढावे लागत असल्याने प्रत्येक वजन एकमेव ठरे.

या आकृतींमागे बहुधा एखादी म्हण असे. धनेश पक्ष्याला पकडणारा साप हे त्याचे ठळक उदाहरण. सापाचे कर्ज बुडवून धनेश आकाशात निघून गेला, पण अवर्षणात पाण्यासाठी त्याला जमिनीवर यावे लागले आणि धीराने वाट पाहणाऱ्या सापाने त्याला धरले, अशी कथा सांगतात. मागे वळून पाहणारा 'सांकोफा' पक्षी विसरलेले परत जाऊन आणण्यात कमीपणा नाही असे सुचवतो. एकच पोट असलेल्या दोन मगरी घासासाठी भांडतात. हित एक असूनही चालणाऱ्या घरातल्या कलहावर ही आकृती बोट ठेवते.

राजदरबारात हीच भाषा अधिकाराची झाली. अकान राजा लोकांशी थेट बोलत नसे; त्याचे बोलणे 'ओक्येआमे' हा वाक्पटू प्रवक्ता सभेपुढे मांडी. त्याच्या काठीच्या टोकाला सोन्याचा पत्रा चढवलेले लाकडी शिल्प असते. मुठीत अंडे धरलेला हात सांगतो, की सत्ता घट्ट आवळली तर फुटते आणि सैल धरली तर निसटते. भोजनाला बसलेल्या दोन माणसांचे शिल्प अन्न भुकेल्याचे नव्हे, ज्याचे त्याचेच असते, असे बजावते. राजपदावरील हक्क ज्याचा त्यालाच मिळावा, हा त्याचा रोख. शोकप्रसंगी नेसायच्या 'आदिंक्रा' वस्त्रावरही अशीच चिन्हे भोपळ्याच्या कवचातून कोरलेल्या ठशांनी उमटवत. १८१७ मध्ये असांतेंच्या राजधानीत, कुमासीला गेलेल्या थॉमस बोडिच या इंग्रजाने मिळवलेले असे एक वस्त्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

१८८९ मध्ये ब्रिटिशांनी गोल्ड कोस्ट (आजचा घाना) वसाहतीत सोन्याच्या भुकटीचे चलन बंद केले. नाणी आली, वजनांचा उपयोग संपला आणि ती मोठ्या संख्येने परदेशी संग्रहांत गेली. म्हणींची नोंद स्वतंत्रपणे झाली: योहान क्रिस्टालर या मिशनऱ्याने १८७९ मध्ये अकानांच्या ट्वी भाषेतील सुमारे ३,६०० म्हणी प्रसिद्ध केल्या. मात्र कोणते वजन कोणत्या म्हणीचे, हे बहुतेक वेळा कोणी टिपून ठेवले नाही. एका आकृतीवरून अनेक म्हणी आठवू शकत आणि प्रसंग पाहून त्यांतली नेमकी म्हण निवडणे हे बोलणाऱ्याचे कौशल्य होते. म्हणूनच संग्रहालयातील कित्येक वजनांचा आकार व भार मोजता येतो, पण त्यांचा अर्थ निश्चित करता येत नाही. प्रवक्त्याच्या काठ्या आजही घानातील राजसभांत वापरात असल्याने त्यांचे अर्थ मात्र बोलण्यात टिकून आहेत.