सुश्रुतसंहितेतील सिराव्यध : अपघातांच्या यादीचा विचार

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय सिराव्यधाचा आहे. प्राचीन भारतीय शल्यतंत्राविषयी जे लेखन आजवर झाले, त्यात नासासंधान, अश्मरीहरण व लिंगनाश यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे या अध्यायाला मिळाले नाही. याचे कारण उघड आहे. रक्तमोक्षण ही उपचारपद्धती म्हणून आज मागे पडली आहे. तिचे समर्थन करणे अवघड आणि तिचा अभिमान बाळगणे त्याहून अवघड. परंतु शीर टोचून रक्त काढण्याची क्रिया मात्र मागे पडलेली नाही. कोणत्याही रुग्णालयात दिवसभरात सर्वाधिक वेळा होणाऱ्या क्रियांपैकी ती एक होय. तेव्हा, रक्त कशासाठी काढावे या प्रश्नाचे संहितेने दिलेले उत्तर बाजूला ठेवून, ते इजा न करता कसे काढावे याविषयी संहिता काय सांगते एवढेच पाहिले, तर हा अध्याय निराळ्या प्रकाशात दिसू लागतो.

सातव्या अध्यायात शरीरातील सिरांची संख्या सातशे सांगितली असून त्यांपैकी अठ्ठ्याण्णव अवेध्य, म्हणजे शस्त्र लावू नये अशा, ठरविल्या आहेत : शाखांमध्ये सोळा, कोष्ठात बत्तीस व जत्रूच्या वर पन्नास. सातशे या आकड्याचा आधुनिक शारीरशास्त्राशी मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते निष्फळ आहेत असेच म्हणणे प्राप्त आहे. ‘सिरा’ या शब्दाने संहितेत नीला, धमनी आणि इतरही वाहिन्या कमीअधिक प्रमाणात सूचित होतात, आणि या शब्दावरून रुधिराभिसरणाचे ज्ञान प्राचीनांस होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे १६२८ मध्ये हार्वेने प्रयोगाने सिद्ध केलेली गोष्ट शब्दांच्या ओढाताणीने सिद्ध करू पाहणे होय. येथे महत्त्व आकड्याला नसून क्रमाला आहे. शस्त्र कोठे चालवावे हे सांगण्यापूर्वी ते कोठे चालवू नये हे ग्रंथकार सांगतो.

आठव्या अध्यायाचा आरंभही निषेधानेच होतो. बालक, वृद्ध, क्षीण, भित्रा, श्रमलेला, गर्भिणी अशांचा सिराव्यध करू नये. ज्याचा करावयाचा त्याला स्नेहन व स्वेदन देऊन, यवागू पाजून, मग बसवावे किंवा उभे करावे. उपाशी रोग्यावर शस्त्र चालवू नये हा त्यातील आशय उघड आहे. ऋतूंचाही विचार आहे : पावसाळ्यात आभाळ निरभ्र असताना, उन्हाळ्यात थंड वेळी, हेमंतात मध्याह्नी. थंडीने शिरा आकसतात हे ज्याने हाताने अनुभवले आहे त्याला या शेवटच्या सूचनेचे मर्म निराळे सांगावयास नको.

बंधनाचा भाग विशेष पाहण्याजोगा आहे. वस्त्र, पट्ट, चामडे, साल, वेल यांपैकी कशाने तरी बांधावे. फार घट्ट नको, फार सैल नको. पायाच्या सिरेच्या संदर्भात वेधस्थानाच्या वर चार अंगुळांवर बांधण्यास सांगितले आहे. हाताची सिरा विंधावयाची असल्यास रोग्याला सुखाने बसवून, अंगठा आत घेऊन मूठ वळावयास लावून, मग बंध घालावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये रक्त काढण्याविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तीतही बंध वेधस्थानाच्या वर चार ते पाच बोटांवर बांधावा आणि रुग्णास मूठ वळावयास सांगावे असे आहे. या साम्यावरून कोणी कोणाकडून घेतले असा तर्क करण्याचे कारण नाही. हाताची रचना दोन्ही काळी एकच होती, आणि शीर वर यावी यासाठी दुसरा सोपा उपाय नाही.

शस्त्रे दोन : व्रीहिमुख आणि कुठारिका. मांसल जागी व्रीहिमुखाने यवाएवढा वेध, इतरत्र अर्धा यव. अस्थीवर कुठारिकेने अर्धा यव. खोलीचे माप धान्याच्या दाण्याने दिले आहे ही गोष्ट साधी वाटते. परंतु शिष्याच्या हाताला कळेल असे माप तेच. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात तर या क्रियेचा सराव मृत पशूंच्या सिरांवर व कमळाच्या देठांवर करावा असे सांगितले आहे. जिवंत माणसाच्या दंडावर पहिला हात चालविण्याची मुभा विद्यार्थ्याला नव्हती.

अध्यायाचा खरा गाभा म्हणजे दुष्ट व्यधांचे वीस प्रकार. या यादीकडे टीकाकारांच्या पद्धतीने केवळ संज्ञांची व्याख्या म्हणून पाहण्याऐवजी अपघातांची नोंदवही म्हणून पाहिले पाहिजे. ‘दुर्विद्धा’ म्हणजे सूक्ष्म शस्त्राने विंधल्यामुळे रक्त नीट बाहेर न येता वेदना व सूज उत्पन्न करणारी. ‘अतिविद्धा’ म्हणजे प्रमाणाबाहेर विंधल्यामुळे जिच्यातील रक्त आतल्या आत शिरते किंवा अतोनात वाहते. कोपराशी सुई शिरेच्या पलीकडे गेल्यावर त्वचेखाली निळी गाठ येते, तिचे याहून नेमके वर्णन करणे कठीण. ‘पिच्चिता’ बोथट शस्त्राने चेंगरलेली. ‘कुट्टिता’ न सापडल्यामुळे पुनःपुन्हा दोन्ही कडांशी शस्त्राने घायाळ झालेली. ‘वेपिता’ भलत्या ठिकाणी बंध घातल्याने कापणारी. ‘अनुत्थितविद्धा’ वर न येताच विंधलेली. ‘अप्रस्रुता’ थंडी, भय वा मूर्च्छा यांमुळे न वाहणारी. शेवटी मांस, स्नायू, अस्थी, संधी व मर्म यांवर झालेला वेध येतो. यांपैकी बहुतेक दोष वैद्याच्या हाताचे, शस्त्राचे किंवा बंधाचे आहेत. रोग्याकडे बोट दाखविणारे अगदी थोडे. हे प्रांजळपणाचे लक्षण आहे. सिरा स्वभावतःच चंचल असून माशाप्रमाणे उलटतात, म्हणून या कामात कोणीही पुरता शिकलेला नसतो, असा कबुलीजबाबही ग्रंथकाराने त्याच ओघात दिला आहे.

अशा अपघातांचे मोल काय असते हे युरोपच्या इतिहासातून अधिक स्पष्ट होते, कारण तेथे घडलेल्या प्रसंगांच्या नोंदी उपलब्ध आहेत. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या दंडातून रक्त काढताना मज्जातंतू टोचला गेला. तीव्र वेदना होऊन हात आखडला आणि पूर्ववत् होण्यास तीन महिने लागले, असे आंब्रुआझ पारे याने लिहून ठेवले आहे. १७५७ मध्ये लंडनच्या विल्यम हंटरने कोपराशी रक्त काढताना नीला व तिच्याखालची धमनी एकदमच विंधली गेल्याने दोहोंत कायमचा मार्ग पडल्याचे वर्णन केले. त्या जागी नीला व धमनी यांच्यामध्ये स्नायूचा एक पातळ पडदा असतो. धमनी वाचविणाऱ्या या पडद्याला जुने रक्तमोक्षक ‘देवाची कृपा’ या अर्थाच्या फ्रेंच नावाने ओळखीत. सुश्रुतानेही प्लीहेच्या विकारात डाव्या कोपराच्या आतल्या बाजूची सिरा विंधावयास सांगितली आहे; म्हणजे हीच जागा, हाच धोका.

रक्ताच्या प्रमाणाविषयी संहितेने बलवान् प्रौढासाठी एक प्रस्थ ही कमाल मर्यादा घातली. या कामी प्रस्थ साडेतेरा पलांचा धरला जातो. चार तोळ्यांचे पल घेतल्यास ५४ तोळे, म्हणजे सुमारे ६३० ग्रॅम होतात. आज रक्तदात्याकडून घेतल्या जाणाऱ्या ३५० किंवा ४५० मिलिलिटरांहून हे अधिक आहे, यात शंका नाही. तथापि १४ डिसेंबर १७९९ रोजी मृत्यू पावलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या अंगातून एका दिवसाच्या आत काढलेले रक्त बहुतेक अंदाजांनुसार दोन लिटरांहून अधिक होते, हे लक्षात घेता मर्यादा असणे व नसणे यांतील अंतर कळते. दूषित रक्त सगळे काढू नये, थोडे शेष ठेवावे, असेही संहितेत बजावले आहे. दूषित रक्त आधी येते ही कल्पना करडईच्या फुलातून प्रथम पिवळा रस यावा या दृष्टान्ताने मांडली आहे. दृष्टान्त सुंदर आहे. कल्पना चुकीची आहे. १८३५ मध्ये पॅरिसच्या पिएर लुई याने फुप्फुसदाहाच्या रोग्यांची मोजदाद करून रक्तमोक्षणाचा फायदा फारच अल्प असल्याचे दाखविले, आणि आज रक्तातील लोहाचा संचय वा तांबड्या पेशींची अतिवृद्धी अशा मोजक्या विकारांतच ते उरले आहे. मराठी बोलीत तर तुंबडी हे साधन दुसऱ्याच्या पैशावर आपली तुंबडी भरण्याच्या वाक्प्रचारातच काय ते जिवंत आहे.

डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० मध्ये मुंबईत अष्टांगहृदय प्रसिद्ध केले. त्याच्या सूत्रस्थानातही सिराव्यधाचा स्वतंत्र अध्याय आहे. पुढे निर्णयसागर छापखान्यातून यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी डल्हणाच्या टीकेसह सुश्रुत संपादिला. हे ग्रंथ छापून हाती आले त्याच सुमारास रुग्णालयांतून रक्तमोक्षण निघून जात होते, हा योग चमत्कारिक खरा. लवकरच रक्त निराळ्या हेतूने काढले जाऊ लागले. १९०६ च्या वासरमान परीक्षेनंतर, रोग बरा करण्यासाठी नव्हे तर ओळखण्यासाठी, शीर टोचणे ही नित्याची गोष्ट झाली, आणि व्रीहिमुखाची जागा पोकळ सुईने घेतली.

या नव्या काळाने वीस दोषांत एकविसावा घातला. संहितेतील सर्व अपघात त्या एका रोग्याच्या त्या एका हातापुरते आहेत. एकाचे रक्त लागलेले शस्त्र दुसऱ्याला लावल्याने काय होईल हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. तो युरोपातही फार उशिरा उपस्थित झाला. उपदंशाच्या दवाखान्यांत येणाऱ्या रोग्यांना महिन्यांनंतर कावीळ होते, याचे कारण प्रथम औषधात शोधले गेले. नीट न निर्जंतुक केलेल्या, एकामागून एक रोग्यांस वापरलेल्या पिचकाऱ्या व सुया हे ते कारण असल्याचे १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्पष्ट झाले. सुई कुशल हाताने, योग्य ठिकाणी, योग्य खोलीपर्यंत गेलेली होती. सुश्रुताच्या कसोटीला ती ‘सुविद्धा’च ठरली असती.