सातारा-सांगलीची पांढरी द्राक्षे : वारसा खोडात नव्हे, काडीत

१/११
दक्षिण आफ्रिकेत ३५ वर्षे वा त्याहून जुन्या द्राक्षबागेपासून केलेल्या वाइनच्या बाटलीवर ‘वारसा द्राक्षबाग’ अशी मोहोर लावता येते. तीवर बागेच्या लागवडीचे सालही असते. अशा बागांत शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाला मानाचे स्थान आहे. मग पांढऱ्या द्राक्षांसाठी नावाजलेल्या सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या बागेची अशी वाइन का निपजली नाही?

२/११
दख्खनला द्राक्ष परके नाही. दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे १४ व्या शतकात इब्न बतूताने नोंदवले. १६६६-६७ च्या सुमारास फ्रेंच प्रवासी थेव्हेनो गोवळकोंड्यास आला. तेथील द्राक्षांपासून पांढरी वाइन करतात, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे अडचण केवळ मातीची नव्हती.

३/११
आता कृष्णाकाठी येऊ. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला. ‘सांगली’ हे नाव १९६० चे. तासगाव त्यापूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडे. खटावात उगम पावणारी येरळा नदी सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. पर्जन्यछायेतील ही कोरडी हवा द्राक्षाला मानवते, कारण दमट हवेत वेलीवर रोग बळावतात.

४/११
मात्र त्याच १९४९ साली मुंबई दारूबंदी अधिनियमही आला. या पट्ट्यात द्राक्षशेती पुढील दशकांत बहरली, ती दारूबंदीच्या छायेत. त्यामुळे येथील बागायतदाराने प्रथमपासून दोनच ग्राहक डोळ्यांसमोर ठेवले : ताजे द्राक्ष खाणारा आणि बेदाणा घेणारा.

५/११
१९६० च्या दशकापासून ‘थॉमसन सीडलेस’ हे बिनबियांचे पांढरे द्राक्ष महाराष्ट्रात पसरू लागले आणि भोकरीसारखे बियांचे जुने वाण मागे पडले. नाव इंग्रजी असले तरी वाण पश्चिम आशियातला; त्याचे जुने नाव सुलताना. कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन यांनी १८७२ च्या सुमारास त्याची लागवड केली आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. तेथे हे द्राक्ष खाण्यास, बेदाण्यास आणि स्वस्त पांढऱ्या वाइनलाही वापरले गेले.

६/११
यानंतरचा अध्याय अस्सल तासगावचा. द्राक्षवेलीच्या एखाद्या डोळ्यात क्वचित आपोआप बदल घडतो आणि त्या फांदीचे मणी वेगळे निघतात. बोरगावचे बागायतदार वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधला असाच वेगळेपणा हेरला, काडी जपली आणि ‘तास-ए-गणेश’ हा वाण घडवला. तासगाव आणि गणेश ही दोन्ही नावे त्यात आली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिला. हे वाण शेतकऱ्यांच्या नजरेतून जन्मले.

७/११
तरीही जुनी खोडे येथे विरळाच. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. विश्रांतीविना राबणारी वेल लवकर थकते. साधारण १५ वर्षांत बाग काढून नवी लावली जाते. खोड जाते, काडी मात्र कलमाच्या रूपाने नव्या खुंटावर चढते.

८/११
उरलेला वारसा बेदाण्याचा. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळीच्या रॅकवर सावलीत सुकवतात. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. न विकलेला माल वाया जात नाही, हा त्यातला मोठा आधार. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

९/११
२००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. नाशिकजवळ विंचूर आणि सांगलीत पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरले. नाशिकच्या वाइनने नाव कमावले. पलूसला ते साधले नाही.

१०/११
कारण रसातही आहे. थॉमसनचा गंध मंद, आणि उन्हात त्याची आम्लता लवकर उतरते. खाण्याच्या द्राक्षासाठी जिब्रेलिक ॲसिड देऊन मणी लांब व फुगीर करतात. वाइनला लहान मणी आणि दाट रस हवा. शेनिन ब्लाँ लावायचा, तर बागेची सारी शिस्त बदलावी लागते आणि खरेदीदार वाइनरीखेरीज दुसरा उरत नाही. बेदाण्याचा आधार असलेला शेतकरी हे धाडस सहसा करत नाही.

११/११
म्हणून या भूमीतला वारसा खोडाच्या वयाने मोजता येत नाही. तो एका बागेतून दुसऱ्या बागेत गेलेल्या काडीत आहे. आज पेटंट असलेले परदेशी वाण महाराष्ट्रात येत आहेत. त्यांची लागवड परवान्याने होते. काडी शेजाऱ्याला देण्याची मोकळीक त्यात नसते. नवे वाण उत्पन्न वाढवतीलही. परंतु वेगळा घड हेरून त्याची काडी गावभर वाटणारी परंपरा खंडित झाली, तर पुढचा ‘तास-ए-गणेश’ कोणाच्या बागेत जन्माला येणार?