घरे उभी राहतात, शाळा कोठे आहे?
नव्या मुंबईच्या आखणीपासून घ्यावयाचा धडा

जून महिना उजाडला की शाळेच्या कचेरीपुढे पालकांची रांग लागते. “जागा भरल्या” एवढे दोन शब्द ऐकून एखादी आई मुलाचा हात धरून परत फिरते, तेव्हा दोष मुख्याध्यापकांना दिला जातो. वास्तविक त्या मुलाची जागा त्या दिवशी गेलेली नसते. वसाहतीचा नकाशा ज्या दिवशी मंजूर झाला आणि मुलांची मोजणी कोणी केली नाही, त्या दिवशीच ती गेलेली असते. हे समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. खाडीपलीकडील नव्या मुंबईचा इतिहास पुरेसा आहे.

मुंबई बेटावरील गर्दीला पूर्वेकडे वाट द्यावी, असा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडला. पुढे मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या भूमीवर नवे शहर आखले गेले. ज्या आगरी-कोळी कुटुंबांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले, त्यांचा त्यागही येथे विसरता कामा नये.

या आखणीतील एक गोष्ट शिक्षणप्रेमी माणसाने अवश्य ध्यानात ठेवावी. शाळेची जागा नशिबावर सोडलेली नव्हती. दर ५,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक शाळा आणि दर १२,५०० मागे एक माध्यमिक शाळा, असे प्रमाण धरून भूखंड राखले गेले. या विचाराची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्येच असे सुचविले होते की, एक प्राथमिक शाळा चालेल एवढ्या लोकवस्तीचा एक शेजार मानावा, शाळा त्याच्या मध्यभागी असावी आणि लहान मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये.

प्रमाण ठरले, भूखंड राखले, मग अडचण कोठे आली? ती आली काळाच्या हिशेबात. १९९१ पर्यंत नव्या शहरात सुमारे २० लाख लोक राहतील, असा आराखड्याचा अंदाज होता. परंतु राज्य सरकारचे मुख्य कार्यालय खाडी ओलांडून आले नाही, नरिमन पॉइंटवर कचेऱ्यांच्या इमारती वाढतच राहिल्या आणि वाशीपर्यंत प्रवासी रेल्वे यायला १९९२ साल उजाडले. १९९१ च्या जनगणनेत आजच्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत जेमतेम तीन लाखांच्या वर लोक होते. त्यानंतर मात्र ओघ सुरू झाला. २००१ मध्ये ही संख्या सात लाखांवर आणि २०११ मध्ये सुमारे ११ लाख २० हजारांवर गेली. (पनवेलकडील वसाहती यात धरलेल्या नाहीत.) म्हणजे आधी अंदाजापेक्षा माणसे कमी आली आणि मग दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाली. केवळ अंतिम आकडा धरून शाळा बांधणाऱ्याचे वर्ग प्रथम ओस पडतील आणि नंतर अपुरे ठरतील, हे उघड आहे.

तेव्हा हिशेब कसा मांडावा? त्याला उच्च गणित लागत नाही. पहिली गोष्ट, जन्मनोंद. आज जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत येते. म्हणजे पुढील सहा वर्षांचा पहिलीचा वर्ग आजच नोंदवहीत आहे. दुसरी गोष्ट, शाळेचा हजेरीपट. पहिलीतील शंभरांपैकी किती मुले दुसरीत पोहोचतात, किती गळतात, हे मागील चार-पाच वर्षांच्या पटांवरून काढता येते. तिसरी गोष्ट, नवी घरे. समजा, १,००० घरांची वसाहत होत आहे. पहिल्या वर्षी ३०० घरांत दिवे लागले, दुसऱ्या वर्षी ७००, तिसऱ्या वर्षी ९००. दर दहा घरांमागे प्राथमिक वयाची चार मुले धरली, तर ती अनुक्रमे १२०, २८० आणि ३६० होतात. तीस मुलांमागे एक शिक्षक धरल्यास प्रथम ४, मग १० आणि नंतर १२ शिक्षक लागतील. इमारत एकदम बांधण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कशी वाढवावी, हे या तीन आकड्यांत दिसते.

‘दहा घरांमागे चार’ हे प्रमाण मात्र पुस्तकातून उचलू नये. ते शेजारच्या वसाहतीत दारोदार विचारूनच ठरवावे. एका खोलीच्या घरात तरुण जोडपी येतात, मोठ्या घरात मुले मोठी झालेली असतात, काही घरे तर कुलूपबंदच राहतात. शिवाय काळही बदलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. ५,००० वस्तीत शंभरामागे १२ मुले प्राथमिक वयाची असली तर पट ६०० होतो. ८ असली तर ४००. लोकवस्ती तीच, पण शाळा वेगळी! आणि वसाहत जुनी झाली की बालवर्ग ओसरतो व माध्यमिक वर्ग फुगतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्क दिला. परंतु हक्क बसण्यासाठीही बाक लागतो, आणि बाक तयार होण्यास वर्षे लागतात. म्हणून पालकांनी मुलाचा जन्म वेळेवर नोंदवावा, घर घेताना भिंतींच्या रंगाआधी शाळेच्या भूखंडाची चौकशी करावी आणि तो भूखंड अन्य कामी जात असेल तर वेळीच हरकत घ्यावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या वस्तीतील मुलांची वयानुसार यादी करावी. एक वही आणि एक पेन्सिल यांहून अधिक खर्च त्याला नाही. आज त्या वहीत ज्या मुलाचे नाव लिहिले जाईल, त्याच्या आईला उद्या शाळेच्या दारातून परत फिरावे लागणार नाही, अशी उमेद आपण बाळगू या.