मंडईतून विधानसभेत

वाशीम जिल्ह्यातील केनवडसारखे गाव असो की मुंबई, छोट्या दुकानदाराचा दिवस आवक, उधारी आणि उरलेला माल यांच्या हिशेबात सरतो. राज्यकारभार हे वकिलांचे, जमीनदारांचे काम, असेच आपण फार काळ मानीत आलो. ही समजूत ज्यांच्यामुळे ढळली, त्यांत छगन भुजबळ यांचा उल्लेख करावा लागेल.

भुजबळांचा जन्म १५ ऑक्टोबर १९४७ चा, माळी समाजातला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. माझगावात नातलगांच्या आधाराने ते वाढले आणि भायखळ्याच्या मंडईत भाजी विकू लागले. भाजीचा धंदा नाशवंत मालाचा. सकाळची जुडी संध्याकाळी कोमेजते. म्हणून गिऱ्हाइकाशी बोलावे लागते, त्याची नड ओळखावी लागते. मतदारांशी बोलण्याचे पहिले धडे या तरुणाला मंडईतच मिळाले असावेत, असे आम्हांला वाटते.

१९७३ मध्ये ते शिवसेनेचे नगरसेवक झाले आणि १९८५ मध्ये मुंबईचे महापौर. याच माझगावच्या माथारपाखाडीतील बॅरिस्टर जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा हे १९२५ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले होते. महापौर ही पदवी पुढे आली. एका वस्तीतून एकाच आसनापर्यंत बॅरिस्टर आणि भाजीविक्रेता साठ वर्षांच्या अंतराने पोहोचले, हे लोकशाहीचेच देणे.

त्याच १९८५ साली माझगावातून ते विधानसभेवर निवडून आले. सभागृहात शिवसेनेचे ते एकटेच आमदार होते. १९९० मध्ये पक्षाचे बावन्न आमदार आले, पण विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशी यांच्याकडे गेले. मंडल आयोगावरून मतभेद झाल्याचे सांगून डिसेंबर १९९१ मध्ये भुजबळांनी पक्ष सोडला. त्यामागे तत्त्व किती आणि नाराजी किती, याचा वाद आजही होतो. मात्र १९९२ मध्ये स्थापलेल्या समता परिषदेने इतर मागासवर्गीयांचा प्रश्न राज्यभर नेला, हे नाकारता येत नाही.

१९९५ मध्ये माझगावने त्यांना पराभूत केले. १९९९ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले. २००३ मध्ये ते पद सोडावे लागले. आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून मार्च २०१६ मध्ये अटक झाली आणि मे २०१८ मध्ये जामीन मिळेपर्यंत त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने महाराष्ट्र सदन प्रकरणातून त्यांना दोषमुक्त केले.

या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी घेतो. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या मुलाने विधानसभेचे स्वप्न पाहणे ही आगळीक नव्हे. आणि मंडईत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत माल तोलावा लागतो, तसा सत्तेचा हिशेबही लोकांसमोर मांडावाच लागतो. तो मागणे हे आपले काम आहे.