झुडूप हलले, बार निघाला

लीळाचरित्रातली सशाची लीळा मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असते. जीव वाचवायला पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो. मागोमाग शिकारी येतात आणि ससा मागतात. शरण आलेल्याला सोडायचे कसे, असा स्वामींचा प्रश्न. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. शिकाऱ्यांचे उत्तर मात्र सांगताना गळते. हा ससा पैजेचा आहे, असे ते म्हणतात. तो हातचा गेला तर आपसात सुऱ्या निघतील. म्हणजे बंदूक या देशात यायच्या आधीही शिकारीत सशाइतकाच धोका सोबत्यालाही होता, आणि तो धोका शिकाऱ्यांना स्वतःला पुरता ठाऊक होता.

ही लीळा ज्या ग्रंथात आहे तो तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात सिद्ध केला. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचे हे गाव, महानुभाव पंथाची काशी. हिंसा वर्ज्य मानणाऱ्या या पंथाच्या पंचकृष्णांत पहिले श्रीकृष्ण. त्यांचा शेवट महाभारताच्या मौसलपर्वात कसा येतो? जरा नावाच्या व्याधाला झाडीत काहीतरी दिसते, त्याला ते हरीण वाटते आणि तो बाण सोडतो. जवळ गेल्यावर कळते, तो माणूस होता. पुढच्या काळात हत्यारे बदलत गेली, या चुकीचा क्रम मात्र तोच राहिला.

अमरावती-अकोल्याकडच्या फासेपारध्यांची शिकार या बाबतीत फार वेगळी होती. फासे मांडायचे, तित्तर-लावे पकडायचे, हरणासाठी वाघूर लावायची. सावज फाशात अडकल्यावर पारधी त्याच्याजवळ जाणार, हातात घेणार, मग काय ते ठरवणार. फाशात चुकून सोबती मेला, असे सहसा घडत नाही. इंग्रजी अमदानीने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा आधार घेऊन अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. बंदूकवाले साहेब मात्र ‘स्पोर्ट्समन’ ठरले.

वऱ्हाडात शेतकऱ्याच्या हाती आली ती ठासणीची बंदूक. तिची रीत पाहिली की निम्मे अपघात तिथेच उलगडतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा. मागे निपलवर टोपी बसवायची आणि घोडा चढवायचा. काडतुसाची बंदूक मोडून क्षणात रिकामी करता येते. ठासणीची एकदा भरली की ती रिकामी करण्याचा सोपा मार्ग एकच, बार काढणे. रात्रभर सावज आले नाही तर भरलेली बंदूक तशीच खांद्यावर पडते. तिच्यासकट माणूस बांध ओलांडतो, काट्यांचे कुंपण चढतो, वाटेत सोबत्याच्या हातात देतो. घोडा फांदीत अडकला की संपले.

कायद्यालाही ही बंदूक परकी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद नावानिशी आहे. मोर्शी-वरुडच्या शेतांत रोही आणि रानडुकरे रात्रीत काय करतात हे पाहिले, तर ती का ठेवली असेल ते कळते. हरभरा, तूर, कपाशी. जागलीला न गेले तर सकाळी वावर तुडवलेले.

कसलेल्या माणसाच्या हातून असे होत नाही, असे कुणी म्हणेल तर त्याला स्पीकची गोष्ट सांगावी. जॉन हॅनिंग स्पीक बंगालच्या फौजेत होता, हिमालयात शिकारी केल्या, आफ्रिकेत नाईलचा उगम शोधला. १५ सप्टेंबर १८६४ रोजी इंग्लंडात तितरांच्या शिकारीत एक बुटकी दगडी भिंत ओलांडताना त्याच्याच बंदुकीचा बार छातीशेजारी लागला आणि तो गेला. नाईलच्या उगमावरून दुसऱ्या दिवशी त्याचा जुना सहप्रवासी बर्टन याच्याशी जाहीर वाद ठरला होता. ज्याच्या नावाने दिल्लीचे कॅनॉट प्लेस आहे तो ड्यूक तर मुंबई इलाख्याचा सरसेनापती होऊन गेलेला. १८९१ च्या डिसेंबरात शिकारीत त्याच्या बंदुकीच्या छऱ्याने मेहुण्याचा डोळा गेला.

तरी साहेबांच्या हाक्याला शिस्त होती, हे मान्य करायला हवे. मचाणे आधी ठरत. हाकारे कुठून येणार हे प्रत्येक बंदूकवाल्याला माहीत असे. त्या दिशेला बार काढायचा नाही आणि हाका संपेपर्यंत मचाण सोडायचे नाही. तरीही नियम मोडले जात आणि मरत तो बहुधा हाकारा.

सावज समजून माणूस मारल्याचा एक खटला १९५२ साली नागपूर उच्च न्यायालयाने निकाली काढला. तेव्हा वऱ्हाडही त्याच न्यायालयाच्या कक्षेत होते. पाऊस चालू होता, त्या जागी माणूस असेल असे कुणाच्या मनात नव्हते; आरोपीने तरस समजून बार काढला आणि माणूस मेला. बंदूक विनापरवाना होती. न्यायालयाने दंडसंहितेच्या ऐंशीव्या कलमाखाली हा अपघात मानला. परवाना नसणे हा वेगळा गुन्हा, त्याने अपघाताचा बचाव आपोआप जात नाही, असे ठरले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात. निकाल बरोबर असेल. पण पावसात, लांबून, नीट न दिसणाऱ्या आकृतीवर बार का काढला, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे दोनच वर्षांत मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. शिकार थांबायला हवी होती. काही ठिकाणी ती अंधारात गेली आणि जाताना हाक्याची उरलीसुरली शिस्त मागे टाकून गेली. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा एक गट रानडुकराच्या शिकारीला गेला. काही जण मागे-पुढे झाले. हालचाल दिसली, डुक्कर वाटले, गोळी सुटली. पडला तो आपलाच सोबती. घाबरलेल्या मंडळींनी पोलिसांना कळवण्याऐवजी मृतदेह झुडपांत लपवला. काही दिवसांनी तो सापडला.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिकाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावे लागते आणि भडक नारिंगी कपडा घालावा लागतो, कारण तो रंग रानात उठून दिसतो. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षण आहे. पण रात्री चोरून निघणारा परवाना घेत नाही आणि उठून दिसेल असा कपडा तर तो मुळीच घालणार नाही. चोरीच्या शिकारीत सोबती सावजासारखाच दिसेनासा झालेला असतो. म्हणून याला निव्वळ अपघात म्हणणे पटत नाही. बोट चापावर गेले तेव्हा समोर काय आहे हे पाहिलेले नव्हते, एवढेच त्यात घडलेले असते.

पिकाला त्रास असेल तर वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, रोही-रानडुकरांबाबत परवानगीची रीतसर वाट आहे. आणि तरीही कुणाच्या हातून बार सुटलाच, तर मृतदेह कुठे दडवायचा याची खलबते करू नयेत. बेशुद्ध दिसणारा सोबती मेलाच आहे, हे अंधारात ठरवणारे आपण कोण? आधी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावावा.