उसना साचा, स्वतःचे गाणे : 'रॉक मशीन' ते 'इंडस क्रीड'

परक्या साच्यात आपले बोलणे ओतण्याची रीत आमच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, नवी नाही. वली दखनी इथलाच. फारसी गझलेचा साचा घेऊन त्याने तो दखनी बोलीत रुजवला. १७०० च्या सुमारास तो दिल्लीस गेला, आणि फारसीत लिहिण्यातच धन्यता मानणाऱ्या तिथल्या कवींना देशी बोलीचे सामर्थ्य पुढे त्याच्या गझलेतून उमगले. मुंबईच्या एका रॉक बँडचा इतिहास पाहताना वली आठवावा याचे कारण एकच : उसन्या प्रकारात 'स्वतंत्र' कशाला म्हणायचे?

'रॉक मशीन' १९८४ साली मुंबईत उभा राहिला. महेश तिनईकर (गिटार), उदय बेनेगल (गायन), झुबिन बालापोरिया (की-बोर्ड) ही त्याची पुढे ओळख ठरलेली नावे. त्या काळी गाजलेल्या पाश्चात्त्य गाण्यांची हुबेहूब नक्कल हीच बँडची कसोटी मानली जाई. श्रोत्यांना ओळखीचे हवे असे, आणि या मंडळींनीही आरंभ तसाच केला. मराठी नाटकाच्या अभ्यासकास ही अवस्था अपरिचित वाटू नये. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) किंवा देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) हे शेक्सपिअरचेच अवतार होते. भेद इतकाच की रूपांतरात हॅम्लेट मराठी बोलू लागला होता; रॉकच्या नकलेत मात्र शब्दही जसेच्या तसे राहत.

१९८६ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि देशी बँडना मोठा श्रोता लाभला. १९८८ साली रॉक मशीनचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वरचित गाण्यांचा संग्रह आला. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. १९९३ साली बँडने नाव बदलले. यंत्र मागे पडले, सिंधू आली : 'इंडस क्रीड'. 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीस एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला आणि १९९५ मध्ये नव्या नावाचाच संग्रह निघाला. पण याच सुमारास संगीतवाहिन्या आणि बाजारपेठ हिंदी गाण्यांकडे वळत होत्या. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला.

नाव सिंधूचे, भाषा इंग्रजी; म्हणून हे गाणे उपरे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आम्हाला तो घाईचा वाटतो. अरुण कोलटकर दोन्ही भाषांत लिहीत, आणि त्यांनी इंग्रजीत गाणीही रचली होती. २००९ च्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या संग्रहात ती वाचावयास मिळतात. कोलटकरांची इंग्रजी कविता आपण मुंबईची म्हणून वाचतो, तर त्याच शहरातल्या बँडचे शब्द निव्वळ भाषेवरून कसे नाकारावेत? वलीने बोली बदलून साचा आपलासा केला. इंडस क्रीडने भाषा तीच ठेवून कर्तेपण आपल्याकडे घेतले. दुसरी वाट अधिक अवघड, कारण तिच्यात वेगळेपण कानाला चटकन जाणवत नाही.

२०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह प्रसिद्ध झाला. ओवी, लावणी, पोवाडा ही गायली जाणारी रचना आपण संहिता म्हणून वर्गात वाचतो. रॉकची पदे त्याच निकषांवर वाचून पाहावीत, आणि ती टिकतात की नाही हे मग ठरवावे.